तिसऱ्या दिवसाचे गुण

नाशिकच्या त्या बी.एड. कॉलेजात विद्यार्थी दोनच गोष्टींना घाबरायचे. एक विद्यापीठाची परीक्षा आणि दुसरा खोडे मॅडमचा तिसरा दिवस. परीक्षा निदान कधी पुढे तरी ढकलली जायची. मॅडमचा तिसरा दिवस मात्र कधी चुकायचा नाही आणि कुणाला सुटायचा नाही. व्हरांड्यात पोरं एकमेकांना विचारायची, “आज कुणाचा तिसरा रे?” असं अभद्र बोलू नये, हे भावी शिक्षकांना कळत होतं. पण मॅडमच तशा होत्या, त्याला पोरं तरी काय करणार!

सुवर्णा खोडे मखमलाबादच्या माळ्याच्या घरातल्या. वडील चिमाजी आणि आई नवसाबाई कोबी, फ्लॉवर, मेथी पिकवून बाजारात नेत. त्यांच्या या लेकीने एम.एस्सी. केलं, एम.एड. केलं आणि एक्क्याण्णव साली विज्ञान शिकवायला शिकवण्याची नोकरी धरली. लुनावरून यायच्या. डिकीत डबा, छत्री आणि पुठ्ठ्याची एक जाड वही असायची.

सराव पाठाचं सगळीकडे ठरलेलं असतं. होतकरू शिक्षक एखाद्या शाळेत जाऊन तास घेतो, प्राध्यापक मागच्या बाकावर बसून तक्ता भरतात. प्रस्तावना कशी केली, फलकलेखन कसं होतं, आवाज कसा होता, साहित्य आणलं का. अशा दहा रकान्यांचे गुण मांडले की पाठ संपला. खोडे मॅडम तो तक्ता भरायच्या, पण सही करायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या लुना काढून त्याच शाळेत जायच्या. वर्गातली तीन मुलं बाहेर बोलवायच्या. एक पुढच्या बाकावरचं, एक मधलं आणि एक दाराजवळचं. विचारायच्या, “परवा सरांनी काय शिकवलं, सांग बरं.” ज्या मुलाला सांगता यायचं नाही त्याच्यापुढे वहीत लिहायच्या: नांगा. मग त्या शिक्षकाने पुन्हा जाऊन तेवढा भाग शिकवायचा, पुन्हा तिसरा दिवस बघायचा आणि मगच सही.

हा शब्द मळ्यातला. रोपं लावली की नवसाबाई हात झटकून मोकळी व्हायची नाही. तिसऱ्या दिवशी सरीसरीने फिरायची. जिथे रोप मेलेलं असेल ती रिकामी जागा म्हणजे नांगा. तिथे नवं रोप लावायची. सुवर्णा लहानपणापासून आईच्या मागे रोपांची पाटी घेऊन हिंडलेली. मास्तर झाल्यावर तिला वाटलं, पाठ म्हणजे लावणीच आहे, मग नांगे कुणी बघायचे?

प्राचार्यांना हे पटत नव्हतं. ते म्हणायचे, “मॅडम, विद्यापीठाच्या तक्त्यात तिसऱ्या दिवसाचा रकाना नाही.”

“रकाना नाही सर, पण मुलं आहेत ना,” मॅडम म्हणायच्या आणि लुनाला किक मारायच्या.

त्यांनी लग्न केलं नाही. त्यावर पोरांनी एक गोष्ट रचली होती. म्हणे, एक मुलगा बघायला आला होता. मॅडमनी तिसऱ्या दिवशी निरोप पाठवून विचारलं, परवा आपण काय बोललो ते आठवतं का? त्याला फक्त पोहे आठवत होते. ही गोष्ट खोटी आहे असं मॅडम सांगायच्या, पण सांगताना हसायच्या.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या हाताखाली काळू भोये होता. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, बी.एस्सी. झालेला, अंगाने काडी आणि बोलायला त्याहून बारीक. त्याच्या गावाजवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिक्षकाची जागा जूनमध्ये भरायची होती. बी.एड. होऊन आला तर जागा त्याची, नाहीतर दुसऱ्याची, असं तिथल्या मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच्या पाड्यावर तोवर शाळेचा मास्तर कायम बाहेरून आलेला आणि दिवाळीला गेला की न परतणारा. त्यामुळे काळूच्या बी.एड.ची वाट तो एकटा बघत नव्हता.

फेब्रुवारीत त्याला मलेरिया झाला. बरा होऊन आला तेव्हा त्याचा शेवटचा सराव पाठ सगळ्यांत मागे पडला होता. मंगळवारी पाठ, गुरुवारी तिसरा दिवस आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वार्षिक पाठाच्या परीक्षेला कोण बसणार त्याची यादी. ज्याच्या सगळ्या पाठांवर सही नाही तो यादीत नाही. म्हणजे त्याचं वर्ष गेलं.

पाठ होता गिरणारे रस्त्यावरच्या एका शाळेत, सहावीला. विषय तरफ. त्या भागात द्राक्षबागा. हंगामात डोंगरातली कुटुंबं कामाला यायची, त्यांची मुलं त्या शाळेत बसायची. काळूने चित्रांचे तक्ते आणले नाहीत. एक लोखंडी पहार आणली आणि सगळा वर्ग बाहेर काढून अंगणातल्या धोंड्याभोवती उभा केला. बोलता बोलता तो त्या मुलांच्या डोंगरातल्या बोलीत शिरला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मॅडमनी तक्त्यात लिहिलं, भाषा अशुद्ध, फलकलेखन नाही.

गुरुवारी मॅडम गेल्या. गावातली बरीच मुलं लग्नाला गेलेली. पुढच्या, मधल्या आणि दाराजवळच्या बाकावर त्या दिवशी डोंगराकडचीच मुलं होती. मॅडमनी तिघांना बाहेर बोलावलं. “तरफ म्हणजे काय? टेकू कशाला म्हणतात?”

तिघं खाली बघत राहिली. दाराजवळची मोहिनी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मॅडमनी गोड बोलून बघितलं, पुन्हा विचारलं. कुणी तोंड उघडेना. मॅडमनी वही उघडली आणि एकाखाली एक तीनदा लिहिलं: नांगा, नांगा, नांगा.

काळू फाटकाशी उभा होता. तो धावत आला.

“मॅडम, त्यांना येतं हो. तुमी विचारलं तसं नाय येत त्यांना.”

“काळू, सात वर्षांत मी हे किती जणांकडून ऐकलंय, तुला माहीत आहे? कुणाची मुलं लाजतात, कुणाच्या मुलांना ताप असतो.”

“परत शिकवतो मी. आत्ता शिकवतो.”

“आणि तिसरा दिवस? यादी उद्या जायची आहे. नियम तुझ्या एकट्यासाठी कसा वाकवू?”

काळू शाळेत राहिलेली पहार खांद्यावर टाकून बसस्टॉपकडे गेला. मॅडमना वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या स्वतःला बजावत घरी आल्या.

संध्याकाळी नवसाबाई मळ्यात होती. सत्तरी ओलांडली तरी नांगे भरायचं काम तिने सुनांना दिलं नव्हतं. लेक बांधावर गप्प बसलेली बघून म्हणाली, “काय झालं गं? आज कोनाचा तिसरा केला?”

मॅडमनी सगळं सांगितलं. पोर चांगलं आहे, पण तिन्ही मुलांना काहीच सांगता आलं नाही, म्हणाल्या.

“तोंडानं सांग म्हनलीस त्यास्नी?”

“मग कसं विचारणार?”

नवसाबाईने कमरेवर हात ठेवला. “रोप धरलं का नाय ते पाहायला मी रोप उपटून पाहाते काय गं? मुळी दिसंल, पन रोप मरंल ना! पोरगी एवढी शिकली अन् अक्कल बांधावर ठेवून आली. वरून पाहायचं. उन्हात मान टाकतंय का ताठ उभं ऱ्हातंय, तेवढं पाहायचं.”

मॅडम आईने दिलेली पाटी धरून मागे मागे फिरल्या. त्या संध्याकाळी पाटीतलं एक रोप त्यांच्या हातून दोनदा खाली पडलं.

शुक्रवारी सकाळी सातला त्यांची लुना गिरणारे रस्त्याला लागली. बागेच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या. होळीआधी घरी परतायचं म्हणून बायका भांडी पोत्यात भरत होत्या. वहीवाली बाई दिसताच मोहिनी आईच्या मागे लपली. मॅडमनी वही डिकीतच ठेवली. त्यांनी काही विचारलंच नाही. बागेच्या कोपऱ्यात एक मोठा धोंडा होता आणि जवळ पहार पडलेली. मॅडमनी पहार उचलली, धोंड्याखाली खुपसली आणि एक लहान दगड तिच्याखाली मुद्दाम लांब, पार आपल्या हाताजवळ ठेवला. मग पदर खोचून जोर लावला. धोंडा काही हलेना. पुन्हा जोर लावला. मोहिनीचा धाकटा भाऊ धनराज खिदळायला लागला.

मोहिनीला राहवेना. ती आली, मॅडमच्या हातातून पहार घेतली, पायाने तो लहान दगड ढकलत धोंड्याजवळ नेला आणि पहारीच्या टोकावर नुसता हात दाबला. धोंडा उचलला गेला.

“कसं केलंस गं?”

“टेकू भाराजवळ पाहिजे,” मोहिनी म्हणाली. मठ्ठ पोराशी बोलावं तसं बोलली. “मंग जोर कमी लागतो. आमच्या सरांनी सांगितलं. तुला नाय येत?”

मॅडम बांधावर बसल्या. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. सात वर्षं आपण शाळाशाळांतून हिंडलो. अशी किती मुलं आपल्यापुढे माती उकरत उभी राहिली असतील आणि त्यांना येत असूनही आपण नांगा लिहून मोकळ्या झालो असू! त्या वहीचा त्यांना अभिमान होता. आज ती डिकीत आहे हेच बरं, असं त्यांना वाटलं. धनराजला मात्र आता पहार हवी होती आणि मोहिनी देत नव्हती.

बाराला पाच कमी असताना मॅडम प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. साडीला चिखल लागलेला. त्यांनी काळू भोयेच्या पाठावर सही केली आणि यादीत त्याचं नाव घातलं.

प्राचार्यांनी चष्मा वर केला. “मॅडम, तुमच्याच वहीत काल तीन नांगे होते ना? मी ऐकलं.”

“वही माझी होती सर,” मॅडम म्हणाल्या. “आणि नांगेही माझेच निघाले.”

काळू जिन्यात बसला होता. त्याला निरोप मिळाला तेव्हा तो इतका रडला, की शिपाई सावळीराम घाबरून पाणी घेऊन धावला.

पुढे मॅडमचा तिसरा दिवस सुटला नाही, पण त्याचं रूप बदललं. मुलांना तोंडी सांगायला न लावता त्या करायला द्यायच्या. डिकीत वहीबरोबर चिंचोके, सुतळी, भिंग, मोडका तराजू असं भंगार साठलं. दोन हजार तीन साली कॉलेजची पाहणी करायला एक समिती आली. तिने विचारलं, तुमचे विद्यार्थी काय शिकले याचा पुरावा काय? प्राचार्य फायली शोधायला लागले आणि मॅडमनी डिकीतल्या भंगाराची पिशवी टेबलावर ओतली. समितीतल्या एका गृहस्थांनी अर्धा तास त्या तराजूशी खेळून घेतलं. त्यांनी अहवालात काय लिहिलं ते कुणाला आठवत नाही.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात काळूने मॅडमना आपल्या आश्रमशाळेत बोलावलं. सुरगाण्याहून जीपने गेल्या. काळू आता जरा भरला होता, मोठ्याने बोलत होता. त्याने सातवीच्या वर्गापुढे त्यांना उभं केलं आणि म्हणाला, “या माझ्या मॅडम. आज त्या शिकवतील.” मॅडमनी सावलीचा पाठ घेतला. हौसेने घेतला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅडम खूश होऊन नाशिकला परतल्या.

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात फोन वाजला.

“मॅडम, काळू बोलतो. आज तिसरा दिवस.”

मॅडम फोन धरून उठून उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांत किती जण तिसऱ्या दिवशी असे उभे राहिले असतील, हे त्यांना आता कळलं.

“तिघांना काठी देऊन अंगणात उभं केलं,” तो सांगत होता. “सावली कधी लहान, कधी मोठी, ते आखून दाखवा म्हटलं. दोघांनी बरोबर आखलं.”

“आणि तिसरं?”

“दाराजवळची पोरगी हाय मॅडम. तिला वाटतं दुपारी सावली सगळ्यात लांब पडते. एक नांगा हाय.”

मॅडमचे डोळे भरून आले. आजवर त्यांच्या कामाची इतकी किंमत कुणी केली नव्हती. कारकून बघत होता, म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं आणि कडक आवाजात विचारलं, “शनिवारी सुरगाण्याला पहिली गाडी किती वाजता आहे रे?”