प्रज्ञाच्या प्याद्याची एक घराची चाल

"मॅडम, हा प्रोग्रॅम ढापलेला आहे," एक्स्टर्नल म्हणाले आणि मार्कशीट बाजूला सरकवली.

एक्स्टर्नल म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजातून येणारे परीक्षक. हे पुण्याहून आले होते. मी गाईड. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चोवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे. आणि समोर उभी होती ती वळसंगची प्रज्ञा. वडील वायरमन. एका कंपनीचं ऑफर लेटर तिच्या हातात आलेलं, पण अट सरळ होती, याच वर्षी डिग्री हवी. प्रोजेक्ट कॉपी ठरला की वर्ष गेलं आणि नोकरीही गेली.

तिचा प्रोजेक्ट होता बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. याला इंजिन म्हणतात. जगातली तगडी इंजिनं आज विश्वविजेत्यालाही सहज हरवतात. त्यातली काही फुकट मिळतात, आतला कोडसुद्धा उघडा असतो. म्हणजे कुणीही घ्यावा, नावं बदलावीत आणि आपला म्हणून दाखवावा. असे महाभाग मी दरवर्षी दोन-तीन पकडते.

त्या सकाळी लॅबमध्ये प्रज्ञाचा प्रोग्रॅम अशाच एका तगड्या इंजिनाशी दहा डाव खेळला. नऊ डावांत सपाटून हरला. सातव्या डावात मात्र तिची प्यादी एकमेकांना चिकटून अशी उभी राहिली की इंजिनाला आत शिरायला फटच मिळेना. आपणच जिंकतोय असं ते स्क्रीनवर दाखवत होतं आणि नुसता हत्ती इकडून तिकडे फिरवत होतं. पन्नास चालींत कुणी काही मारलं नाही, प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत सोडता येतो. तसा तो सुटला. अख्खी लॅब टाळ्या वाजवत होती. आणि त्या टाळ्यांनीच घात केला.

"विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम याच्याशी बरोबरी करूच शकत नाही," एक्स्टर्नल म्हणाले.

"सर, कोड बघा ना. सगळा तिने लिहिलाय," मी म्हणाले.

"नावं बदलली की कोड वेगळाच दिसतो. तुम्हाला मी सांगायला नको."

ते मलाच माझा धडा शिकवत होते. मला राग आला. पण खरं सांगते, क्षणभर मलाही शंका आली. पोरीने मला तर फसवलं नसेल? त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

प्रज्ञा खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "सर, कॉपी न्हाय. माझी एक लई मोठी चूक हाय त्यात. मॅडमनापण सांगितली न्हाय मी."

"कसली चूक?"

"माझं प्यादं दोन घरं जात न्हाय."

बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण जुन्या देशी पद्धतीत ते एकेक घरच चालतं. प्रज्ञा खेळ शिकली वडिलांकडून, वळसंगच्या विहाराच्या ओट्यावर, खडूने आखलेल्या पटावर. तिथं हाच नियम. तोच तिने कोडमध्ये घातला.

"इंजिनाची प्यादी दोन घरं गेली तवा कळलं," ती म्हणाली. "समोरच्याची बाजू दुरुस्त केली. माझ्या बाजूला हात लावला की प्रोग्रॅम बंद पडायचा. सबमिशनला चार दिवस ऱ्हायले होते, म्हणून तसंच ठेवलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी ओरडला असता की."

ओरडलेच असते.

एक्स्टर्नलनी दहाही डावांच्या चाली उघडल्या आणि पेन्सिल घेऊन एकेक बघत बसले. प्रज्ञाच्या बाजूचं एकही प्यादं कधी दोन घरं गेलं नव्हतं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पटावर एक स्थिती मांडली, जिथे प्यादं दोन घरं टाकलं की तिथल्या तिथे मात होती. तगड्या इंजिनाने ती पापणी लवायच्या आत दाखवली. प्रज्ञाच्या प्रोग्रॅमने थोडा विचार केला आणि शांतपणे राजा एक घर सरकवला.

एक्स्टर्नल मोठ्यांदा हसले. "मॅडम, ज्याच्यावरून हे ढापलं असेल त्यालासुद्धा इतकं चुकीचं लिहिता येणार नाही."

"मग?"

"मग काय, हे हिचंच आहे." त्यांनी मार्कशीट पुढे ओढली. चुकीबद्दल चार मार्क कापले, कापायलाच हवे होते. तरी वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच पडले. जाताना ते तिला म्हणाले, "तू एकेक घर चाललीस म्हणूनच ती भिंत उभी राहिली. पण आता दुरुस्त कर."

मला इतका आनंद झाला की मी लॅब असिस्टंटला सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि लॅबमध्ये चहा आणायचा नाही हा माझाच नियम मोडला. प्रज्ञा व्हरांड्यात फोनवर वडिलांना सांगत होती, "दादा, मशिनसंगं बरोबरीत सुटला. व्हय, खरंच."

जुलैत ती नोकरीवर रुजू झाली.

तेव्हापासून तोंडी परीक्षेआधी मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारते, तुझ्या प्रोग्रॅममधली तुझी चूक दाखव. "एकही नाही मॅडम," असं जो छाती काढून सांगतो, त्याचा कोड मी घरी घेऊन जाते.