पहिला शेजारी

जर्मनमामा कुठेही राहायला गेले, की सामान उघडायच्या आधी उजव्या हाताच्या दारावर टकटक करायचे. बहरीनमध्ये, सित्रातल्या आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत ते आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचं दार माझं निघालं. मी दार उघडलं, तर समोर उंच, लालबुंद मानेचा गोरा माणूस, टोपी काढून छातीशी धरलेली. आमच्या वर्कशॉपचा नवा फोरमन! मी सातवीतून शाळा सोडलेला, वेल्डरचा हेल्पर, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं. वाटलं, काहीतरी चुकलं, आता परतीचं तिकीट. तर ते म्हणाले, "तुम हमारा पहला पडोसी. हम बोलने आया." माझा हात हातात घेऊन हलवला आणि गेले.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. मामा आधी काही वर्षं भारतात एका पोलाद कारखान्याच्या उभारणीवर होते, हिंदी तिथून उचललेलं. कंपनीने त्यांना राजधानीत, मनामात बंगला देऊ केला होता. तो नाकारून ते आमच्या पत्र्याच्या ओळीत आले. "उधर सब दीवार है," म्हणायचे, "दीवार पडोसी होता है क्या?" त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली ती स्टोअर सांभाळणाऱ्या दाऊदभाईंनी. दाऊदभाई रत्नागिरीचे, माझ्याच खोलीत राहायचे. त्यांचं म्हणणं, "साहेब म्हटलं की माणूस काम सांगतो रे. मामा म्हटलं की निदान जेवलास का विचारतो."

चहाच्या सुट्टीत मामा लोखंडी प्लेटवर खडूने आपलं गाव काढायचे. एकच सरळ रस्ता, दोन्हीकडे विटांची घरं, मधे चर्च, त्याच्यामागे बदकांचं तळं, आणि चहूकडे साखरेच्या बिटाची शेतं. गावाचा सगळा इतिहास ते चर्चच्या घंटेवरून सांगत. पहिल्या महायुद्धात सरकारने घंटा उतरवून नेली, तोफा ओतायला. गावाने पै पै जमवून दुसरी केली. दुसऱ्या महायुद्धात तीही नेली. गावाने तिसरी केली. "हमारा गाव छोटा, डोका मोटा," असं म्हणून ते स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायचे.

मग ते एकेका दारावर खडू ठेवून माणसं सांगायचे. इथे लोहार, इथे बदकंवाली विधवा, आणि हे आमचं घर, उजव्या हाताला बेकर. बेकर आणि मामांचे वडील कुंपणाच्या झाडावरून भांडलेले, वर्षानुवर्षं अबोला. पण वडील गेले त्या सकाळी बेकर हातपाय धुऊन आला, घरातलं घड्याळ थांबवलं, खिडकी उघडली आणि टोपी काढून दारोदार सांगत गेला. तिथली रीतच तशी. कोणी गेलं की घरच्यांनी कशाला हात लावायचा नाही, सगळं पहिल्या शेजाऱ्याने करायचं. शवपेटीसुद्धा शेजारीच उचलणार.

"आमच्याकडे हे भावकी करते," मी म्हणालो.

"भाई लोग तो रोएगा," मामा म्हणाले. "रोने वाला आदमी पेटी कैसे उठाएगा?"

दाऊदभाईंनी विचारलं, "मामा, मग भांडणं?"

"बहुत! लेकिन मरने का दिन बंद. दफन के बाद फिर चालू!"

हे गाव आता पुसलं जायचं होतं. त्याच्या पोटात कोळसा निघाला होता. चर्चच्या मनोऱ्याहून उंच, भल्यामोठ्या चाकाचं यंत्र शेतं खात खात गावाकडे येत होतं. लोकांना दूरवर नवी घरं बांधून दिलेली, गावाचं नाव तेच, पुढे फक्त 'नवं' लावलेलं. पण ज्याला जो प्लॉट मिळाला तो मिळाला. बेकर एका टोकाला, मामांची बहीण दुसऱ्या टोकाला. मामांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी तसल्याच यंत्रांवर फिटरचं काम केलं होतं. ते एकदाच म्हणाले, "वो चक्का हमको पहचानता है," आणि खडू ठेवून दिला.

माझे वडील गेल्याची तार आली ती ऑगस्टात. आमच्या गुहागरहून निघालेली तार हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं होतं. लीव्ह मिळायला अजून अवकाश होता, आणि गेलो असतो तरी कुणाला खांदा देणार होतो? मी खाटेवर बसून राहिलो. दाऊदभाई पाठीवर हात ठेवून बसले होते. तेवढ्यात टकटक झाली.

मामा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते. त्यांनी एसी बंद केला, खिडकी सताड उघडली. बाहेरचा दमट उकाडा भसकन आत आला. मग माझं गजराचं घड्याळ उचलून मागची झाकणी काढली आणि ते थांबवलं. टोपी काढून हातात धरली आणि ओळीतलं पहिलं दार गाठलं. मला खोलीतून ऐकू येत होतं. प्रत्येक दाराशी तेच, "इसका फादर मर गया. बहुत दूर. हम पहला पडोसी है, बोलने आया." मल्याळी आले, पठाण आले, ज्यांनी कधी माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं तेही येऊन भिंतीला टेकून बसले. मी पाणी घ्यायला उठलो, तर मामांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. माझी शिफ्टही त्यांनीच केली. फोरमन माणूस, हेल्परच्या जागी उभा राहून दिवसभर वेल्डरला रॉड देत होता.

दुसऱ्या दिवशी ते केक घेऊन आले. वर साखरेचा चुरा भाजलेला, गोड वासाचा. त्यांच्या गावात माणूस पुरल्यानंतर हाच केक वाटतात. दाऊदभाई माझ्या कानाशी आले, "सुतकात गोड? सांगू का त्यांना, तुमच्यात चालत नाही म्हणून?" मी मान हलवून नको म्हटलं आणि खाल्ला. रडायला मला त्या घासाशी आलं, तोवर आलं नव्हतं. पुढे घरी गेल्यावर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याने शेजारधर्म केला. खाल्लंस ते बरं केलंस."

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामा सुट्टीवर गेले ते आईवडिलांची थडगी हलवायला. परत आले तेव्हा मान खाली घातलेली. कोळसा कंपनीच्या हातमोजेवाल्या माणसांनी पेट्या उचलल्या, असं म्हणाले. "बेकर आया था. बुढ्ढा, काठी लेके. उसको किसी ने बुलाया नहीं." चहाच्या वेळी दाऊदभाई खडू पुढे करून म्हणाले, "मामा, गाव निकालो." मामांनी खडू घेतला, प्लेटकडे बघत राहिले, आणि खडू परत दिला. "खलास, दाऊद." गाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. एकदा मात्र पाना पुसता पुसता मला म्हणाले, "हम मरेगा तो पहला पडोसी कौन? कोयले का खड्डा?"

मग त्यांची छाती भरू लागली, डॉक्टरने जर्मनीला परत पाठवलं. निघायच्या दिवशी त्यांनी प्रत्येक दारावर टकटक करून निरोप घेतला, माझ्या दारावर सगळ्यात शेवटी.

"मामा, उधर नया पडोसी मिलेगा," मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

"मिलेगा. गुड मॉर्निंग बोलेगा," ते म्हणाले. "पहला पडोसी तुम. सिस्टर को बोला है. सब से पहले तुमको बताएगी."

मला धाकधूकच वाटली. एवढ्या लांबून मी काय करणार होतो?

मधे काही वर्षं गेली. दाऊदभाई ऑफिसात बसायला लागले होते. एका दुपारी ते धावत वर्कशॉपमध्ये आले, "अरे, जर्मनीहून फोन आहे, तुझ्या नावाने!" पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज, मोडकंतोडकं इंग्लिश. माझं नाव नीट उच्चारून तिने विचारलं, पहिला शेजारी तूच ना? मी हो म्हटलं. मग तिने सांगितलं. पेटी कोणी उचलली हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, विचारवलं नाही.

शिफ्ट संपल्यावर अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला. एसी बंद केला, खिडकी उघडली, घड्याळ थांबवलं. टोपी माझ्याकडे नव्हती, दाऊदभाईंनी त्यांची दिली, आणि माझ्यामागून चालू लागले. ओळीत आता सगळी नवी माणसं होती. "मेरा पडोसी मर गया. बहुत दूर. मैं बोलने आया," मी सांगत गेलो. कोणी हळहळलं, कोणी नुसतं बघत राहिलं. शेवटी मामांच्याच खोलीचं दार आलं. तिथे आंध्रातला एक पोरगेला इलेक्ट्रिशियन राहायचा.

"कौन से रूम का?" त्याने विचारलं.

"इसी रूम का," मी म्हणालो.

तो दचकला. वळून आपल्या खोलीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मेरे को कुछ करना है क्या, भाई?"

"खिडकी खोल दो."

त्याने आत जाऊन एसी बंद केला आणि खिडकी उघडली.