तीन डबे निळा रंग

माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या सुर्ल्याच्या काकांना, उभ्या आयुष्यात कोणालाही 'नाही' म्हणता आलेलं नाही. पंक्तीत वाढप्याला नको म्हणायची भीड पडते म्हणून हा माणूस चौथ्यांदा भात घेतो आणि घरी येऊन सोडा पितो. काका नोकरीला होते त्या खाणीने जुन्या गाड्या मोडीत काढल्या, तेव्हा साहेब सहज म्हणाले, "एक जीप तुम्हीच घ्या की." काकांनी घेतली. त्या वेळी काकांना गाडी चालवताही येत नव्हती.

ती हिरवी जीप मग गावाचीच झाली. बाळंतिणी, चतुर्थीचा गणपती, कुणाची व्यालेली म्हैस, सगळ्यांनी तिच्यातून प्रवास केला. पाववाल्या पोदेराची सायकल मोडली तेव्हा जीप आठवडाभर पाव विकत फिरली आणि काका बाजाराला चालत गेले. मावशी करवादायची, "कोणेंय मागली काय हे चावी दितले, वयर आनी पेट्रोलय!" काका नुसते हसायचे. पण रविवारी सकाळी ते जीप स्वतः धुवायचे आणि तिथे मात्र कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पुढे या जुन्या जीपगाड्यांना कसले दिवस आले कोण जाणे! पेडण्यात एका ओळखीच्यांची जीप माडाखाली कुजत पडली होती. पुण्याच्या एका शौकिनाने ती नव्या गाडीच्या भावात उचलली. मी आणि काका तेव्हा तिथेच होतो. तो गंजावरून बोटं फिरवत म्हणत होता, "कंपनीचा मूळ रंग आहे हो! याचेच तर पैसे." काका फार लक्ष देऊन ऐकत होते.

ही बातमी दुबईला काकांच्या मुलाकडे पोचली. त्याने फोनवरूनच त्या शौकिनाशी सौदा ठरवला आणि काकांना विचारलं, "बाबा, देऊया ना?" काका म्हणाले, "बरें." दुसरं काय म्हणणार? त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मावशी सांगते.

ठरल्या दिवशी शौकीन आला आणि अंगणातच खिळला. जीप नखशिखान्त निळी झाली होती, देवळाच्या खिडक्यांना देतात तशी. टायरसुद्धा सुटले नव्हते. "तुमी येतले म्हणून मुद्दाम रंग लायलो," काका अदबीने म्हणाले. त्या बिचाऱ्याला रडू यायचं बाकी होतं. काकांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, वर फणस बांधून दिला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, पेडण्यात त्याचं बोलणं तुम्ही ऐकलं होतंत ना?"

"आयकलें मरे. म्हणून तर निळ्याचे तीन डबे हाडले."

याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा चाकांवरच्या पत्र्याचा निळा उडून खालचा हिरवा दिसायला लागला होता. भाव आणखी चढलेत, मुलाचे फोन पुन्हा सुरू झालेत. काका बरेच थकलेत, कपबशीसुद्धा हातात वाजते. मला जीपपाशी नेऊन त्यांनी सीटखालून एक नवा डबा काढला.

"हात कांपता रे," ते खाली बघत म्हणाले. "मातसो रंग लायशी?"

जन्मभर सगळ्यांची कामं करणाऱ्या या माणसाने मला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. मलाही नाही म्हणता आलं नाही. मी ब्रश घेतला.