बसण्याचं विधेयक

माझी नात भोपाळमध्ये टी. टी. नगरच्या एका मोठ्या साडीच्या शोरूममध्ये कामाला आहे. काम म्हणजे मुख्यतः उभं राहणं. साड्या दाखवणं मधेमधे होतं. शटर उघडल्यापासून पडेपर्यंत मुलींनी बसायचं नाही, असा तिथला दस्तूर होता. गिऱ्हाईक नसलं तरीही नाही. बसलेली मुलगी दिसली की दुकान झोपल्यासारखं वाटतं, असं शेठजींचं म्हणणं.

गंमत अशी की याच शेठजींच्या वडिलांच्या दुकानात मी लग्नानंतरची पहिली साडी घेतली होती. तेव्हा पांढरी गादी असायची. विकणारा मांडी घालून बसायचा, घेणारी बसायची, सोबत आलेली सासूसुद्धा बसायची, आणि लोडाला टेकून खोट काढायची. पुढे काचा आल्या, दिवे आले, गादी गेली आणि सगळे उभे राहिले. यालाच बहुधा प्रगती म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात नातीच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दिवसातून मधूनमधून बसायला मिळत असेल तर ठीक, नाहीतर हे काम सोडा, हट्ट केलात तर ऑपरेशनची पाळी येईल. पोरीचा चेहरा उतरला. ऑपरेशनला ती घाबरली नव्हती, काम सुटेल म्हणून घाबरली होती. साडी विकण्यात तिला जे सुख मिळतं ते मला उभ्या आयुष्यात कशात मिळालं नाही. नुसती चौकशी करायला आलेली बाई तिच्या काउंटरवरून चंदेरी घेऊन जाते, आणि वर तिलाच थँक्यू म्हणते.

"शेठजींना एक स्टूल माग की," मी म्हटलं.

"माँगा ना, आजी. म्हणाले, एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल."

"मग सगळ्यांना द्यावं."

"तू पण ना, किती भोळी आहेस."

भोळी, आणि मी. विधानसभेत नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला हे कोणी आजवर म्हटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर एक काळ असा होता की पोरीचं म्हणणं तंतोतंत लागू पडलं असतं.

मी तिथे प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं, तिथे बसून जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. नागपूरहून हिंदी शॉर्टहँडची परीक्षा पास होऊन आलेली, दोन वेण्यांची, काजळ घालणारी एक मुलगी तिथे रुजू झाली. तिला मी चांगली ओळखते, पण आमची फारशी जवळीक नाही. फार शहाणी होती. आपण लिहितो म्हणून राज्य चालतं, असा तिचा समज होता. कोणी विधेयक मांडलं की तिच्या लेखी कायदा झालाच. एकदा एका सदस्यांनी दुकानदारांनी भाव फळ्यावर लिहून लावावेत, असं विधेयक मांडलं. बाईसाहेब संध्याकाळी थेट किराणावाल्याकडे. "आजपासून कायदा आहे, फळा लावा." तो बिचारा घाबरून लगेच पाटी घेऊन आला, आणि डाळ-तांदळाचे भाव खडूने लिहून बसला. पुढे ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी समजावलं की, मुली, मांडलं म्हणजे नुसतं टेबलावर ठेवलं, त्यात खाजगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्याचं विधेयक, ते कधी पास होत नसतं. त्यानंतर ती कितीतरी दिवस दूरच्या दुकानातून किराणा आणायची. नवऱ्याला सांगायची, तिथली तूरडाळ जास्त चांगली शिजते.

तर नातीच्या शिरांचं असं चाललेलं असताना मला आमच्या भागातल्या आमदारबाई आठवल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण सगळं भोपाळ त्यांना दीदी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. विधेयकं मांडायचा त्यांना नाद. कोचिंग क्लास मधेच सोडणाऱ्या मुलांची फी परत मिळावी, बाजारात बायकांसाठी स्वच्छ शौचालय असावं, घराचा ताबा देण्याआधी बिल्डरने नळाला पाणी आणून दाखवावं. लोक हसायचे. रस्ता करा म्हटलं तर कागद करतात, असं अवधपुरीतल्या आमच्या पार्कातली मंडळी म्हणायची. आणि त्यांचं शेवटचं विधेयक होतं दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा मिळावी म्हणून. मागच्या अधिवेशनात ते मांडून झालं होतं, आता चर्चेला येणार होतं.

नात कामावर गेल्यावर मी रिक्षा केली आणि अशोका गार्डनला दीदींच्या ऑफिसात जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला आणि विधेयक माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून वाचलं. खुर्ची कशी असावी, आराम करायची खोली किती मोठी असावी, पंखा, पिण्याचं पाणी, न दिल्यास दंड, आणि दंड न भरल्यास तुरुंग.

"दीदी, शेठला जेलमध्ये पाठवलं तर माझी नात साड्या कोणाच्या विकेल?"

त्या हसल्या. "अम्मा, थोड़ा डराना पड़ता है."

"डर किसको लगेगा? पास तो होना नहीं है."

त्यांचा चेहरा असा झाला की मला आमची दोन वेण्यांची मुलगी आठवली. मग मी त्यांना नीट समजावलं. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ खाजगी सदस्यांचा. तेव्हा निम्मं सभागृह गावची गाडी पकडायला स्टेशनवर असतं. मंत्री उत्तर देतात, गोड बोलतात, आणि तुमचं विधेयक पडतं किंवा तुम्ही ते मागे घेता. पडलं तर गेलं. पण मागे घेताना मंत्र्यांच्या तोंडून काहीतरी करतो असं वदवून घेतलं, तर ते कामकाजात लिहिलं जातं. सभागृहात दिलेल्या शब्दांसाठी एक वेगळी समिती असते, तिच्याकडे ते जातं, आणि ती समिती खात्याला विचारत राहते की बाबांनो, याचं काय झालं. खात्याला विरोधी पक्षाचं भय नसतं, पण त्या समितीचा कंटाळा फार येतो.

"मतलब मैं खुद वापस लूँ?" दीदी म्हणाल्या. "लोग बोलेंगे डर गई."

"बोलने दो. सिर्फ़ एक बात का ध्यान रखना. मंत्री जी बोले 'आपकी भावना समझता हूँ', तो बैठना मत. उसमें कुछ नहीं रखा. 'दिखवा लेंगे' बोले, तब बैठना."

"दिखवा लेंगे तो सब टालने के लिए बोलते हैं, अम्मा."

"बाहर. अंदर बोला तो फँस गए."

नातीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने ऐकलं असतं तर दुपारच्या आत शेठजींना कळलं असतं. फक्त म्हटलं, शुक्रवारी सुट्टी घे, तुला माझं ऑफिस दाखवते.

प्रेक्षक दीर्घेत, म्हणजे वरच्या गॅलरीत, बसायचे नियम कडक. मोबाइल बाहेर, पर्स बाहेर, पायावर पाय नाही, टाळी नाही. तपासणीतून मी एक लिमलेटची गोळी मुठीत लपवून नेली, सवयीचा भाग म्हणून. खाली नजर टाकली तर बाकं अर्धीअधिक रिकामी. एक सदस्य आपल्या भागातल्या पुलावर बोलत होते. पूल कसा व्हायला हवा, पूर्वी तो कसा होणार होता, आणि का झाला नाही. संपतच नव्हतं. मला वेगळीच काळजी. सभागृहात माणसं फार कमी झाली आणि कोणी उठून तेवढं बोट दाखवलं, तर कामकाज तिथेच थांबतं, आणि आमचं विधेयक पुढच्या अधिवेशनात. तोवर पोरीच्या पायांचं काय व्हायचं? इतक्यात पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून उभे राहिले. माझी गोळी घशात अडकली. त्यांनी एसी जरा कमी करायला सांगितलं आणि खाली बसले.

शेवटी दीदींचा नंबर आला. त्या थोडंच बोलल्या, आणि बरं बोलल्या. "अध्यक्ष महोदय, हम सब यहाँ बैठकर बात कर रहे हैं. मैं उनके लिए बोल रही हूँ जिनको बैठने नहीं मिलता." काही सदस्य हसले, एकाने तर आपल्या खुर्चीवर हात फिरवला. तुरुंगाचं नाव निघालं नाही. मी वरून समाधानाने मान हलवली, तर पहारेकरी बाईने माझ्याकडे डोळे वटारले.

मंत्री उठले. सदस्या नवीन आहेत, मेहनती आहेत, सरकार कामगारांबद्दल संवेदनशील आहे, व्यापारीही आपलेच बंधू आहेत. "मैं माननीय सदस्या की भावना समझता हूँ." आणि बसले.

झालं, म्हटलं. आता ही बसणार. नातीने माझा हात धरला. पण दीदी बसल्या नाहीत. "मंत्री जी, कानून की बात छोड़ दीजिए. क्या विभाग दुकानों को इतना लिख सकता है कि एक स्टूल रखें?"

अधिकाऱ्यांच्या बाजूने एक चिठ्ठी पुढे आली. मंत्र्यांनी ती वाचली, घड्याळ पाहिलं, त्यांनाही कुठेतरी जायचं असणार. "ठीक है, दिखवा लेंगे. विभाग से निर्देश भी जारी करवा देंगे."

"इस आश्वासन के साथ मैं अपना विधेयक वापस लेती हूँ."

खाली माझ्या जुन्या टेबलापाशी एक तरुण मुलगी बसली होती. तिची मान वाकलेली आणि हात चालू. ती लिहीत होती. माझा जीव भांड्यात पडला. ऑफिसातून निघताना इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नात मात्र बाहेर येताच रडायला लागली.

"सब खतम, आजी. त्यांनी वापसच घेतलं. एवढं चांगलं बोलल्या आणि वापस घेतलं."

"रड, रड. मी पण याच पायऱ्यांवर रडले होते."

"का?"

"अशाच एका विधेयकासाठी. मागे घेतलं म्हणजे हरलं, असं वाटायचं मला. वहीवर एवढी आसवं गाळली की बाबूंनी विचारलं, हे अक्षर आहे की डबकं?"

"आणि मग?"

"मग काही नाही. त्यांनी समोसा खायला घातला. तुला हवा का?"

तिला समोसा नको होता, तिला कळायला हवं होतं. न्यू मार्केटच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. बसणारच नव्हता, आमच्या घराण्यात तो उशिराच बसतो.

पुढचे दिवस मला फार जड गेले, हे कबूल करते. पोरगी दुकानात जायची, येताना पाय जड करून यायची, आणि मी दारात उभी राहून विचारायची, काही आलं का? दीदींच्या ऑफिसात मी इतके फोन केले की तिथली मुलगी माझा आवाज ऐकताच म्हणायची, "नहीं अम्मा, अभी नहीं." पार्कातल्या मंडळींना तर विषयच मिळाला होता. वैनी, तुमचं स्टूल दिल्लीहून निघालंय का?

मग एक दिवस विभागाचं पत्र बाजारात पोचलं. व्यापाऱ्यांची मीटिंग झाली, कुरकुर झाली, चहा झाला. आणि शेठजींनी प्लास्टिकची निळी स्टुलं आणली, प्रत्येक काउंटरमागे एक. पाठ नाही, गादी नाही, रंग असा की साड्यांना दृष्ट लागू नये. गिऱ्हाइकांना सांगत होते, "हमने तो पहले ही सोच रखा था."

डॉक्टरांनी परवा पाय तपासले. म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, असंच चालू द्या.

काल मी ठरवून दुपारी तिच्या दुकानात गेले. नात्याचा काही उल्लेख न करता काउंटरसमोर खुर्ची ओढून बसले. ती उठायला लागली.

"बसूनच दाखव," मी म्हटलं.

तिने बसून दाखवल्या. माहेश्वरी, चंदेरी, मग शेल्फच्या वरच्या फळीवरची टसर, मग पुन्हा चंदेरी, वेगळा काठ हवा म्हणून. वरच्या फळीसाठी ती उठली, काढून परत बसली. मी प्रत्येकीत खोट काढली. पदर लहान आहे, जरीकाम जास्त आहे, हा हिरवा मला म्हातारी दाखवतो. शेठजी गल्ल्यावरून पाहत होते, त्यांना मी फार मोठी गिऱ्हाईक वाटत असावी. शेवटी पोरगी साड्यांच्या ढिगावरून वाकून हळूच म्हणाली, "आजी, घ्यायची असेल तर घे ना, नाहीतर ऊठ. मागे खरी गिऱ्हाइकं थांबलीयेत."

मी उठले. ती बसलेलीच होती, पुढच्या बाईला हसून विचारत होती, "आइए दीदी, क्या दिखाऊँ?"