हवालदाराच्या गळ्यातली दोरी

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. अंगात आलेल्या बाईला तोंडावर "बाई, पुरे आता, पाणी प्या" म्हणणारा माणूस मी! आजही कुणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून जातो. पण या सदरातले लोकांचे अनुभव वाचतो, तेव्हा एक गोष्ट जाणवते... प्रत्येकाला भीती वाटलेली असते. मला भीती वाटली नव्हती. मला लाज वाटली होती, आणि पन्नास वर्षं झाली तरी ती गेलेली नाही. म्हणून लिहितोय.

साल बहात्तर. दुष्काळाचं. कर्जत तालुक्यात राशीनच्या बाजूला आमचं गाव. घरात मी, माझी बायको सुमन आणि आई. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. पडवीतून परसापर्यंत जायचं तरी सुमनचा हात धरावा लागायचा.

आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षात देव बसले की आई सहा दिवस उपास धरायची. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची, आणि पहिला घास कुत्र्याला. त्याने खाल्ल्याशिवाय आई तोंडात काही घालायची नाही. एरवी त्यात अडचण कसली? गावात कुत्र्यांना काय तोटा! पण त्या वर्षी श्रावणात एक कुत्रं पिसाळलं, दोघांना चावलं, आणि पंचायतीनं विष घालून गावातली झाडून सगळी कुत्री मारली होती.

पाचव्या दिवशी आई मला म्हणाली, "कुत्र्याचं काय केलंस रं?"

"वस्तीवरच्या धनगराचं मागून आणतो."

"उसनं चालायचं न्हाई. आपल्या घरचं पायजे. न्हाईतर मी ऱ्हाते तशीच."

ती राहिली असती. आमची आई म्हणजे... एकदा बोलली की संपलं. पाच दिवसांत नुसत्या चहावर तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिला काही झालं तर? दुष्काळी कामावर मिलो, म्हणजे ती परदेशी तांबडी ज्वारी, घेऊन येणारा ट्रक त्या दिवशी रिकामा नगरला परत चालला होता, त्यात बसलो आणि थेट पांजरपोळ गाठलं.

तिथं गायी, लंगडी वासरं, आणि कोपऱ्यात पाच-सहा कुत्री. राखणदार दगडूमामा म्हणून होते, साठीचे. मी म्हटलं, शाळेत मास्तर आहे, एक कुत्रं द्या, घरी पाळायचंय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला हाक मारली, "हवालदार!"

ते उठलं. तांबडं, तोंड पांढरं पडलेलं, मागचे पाय थरथरत होते.

"ह्यो लई शाना हाय," मामा म्हणाले. "एका हवालदारानं पाळल्याला. त्येची बदली झाली आन फाटकाशी बांधून गेला. सा म्हैने फाटकाकडं तोंड करून बसायचा. गुरुजी, एकदा सोडल्यालं जनावर हाय हे. न्यायचं तर मरूस्तवर सांभाळायचं. जमंल?"

"जमेल की."

"तसं न्हाई." त्यांनी कनवटीची पुडी सोडली आणि माझ्या तळहातावर भंडारा ठेवला. "म्हना."

खंडोबाच्या घरातल्या माणसाला हे काय असतं, ते सांगायला नको. माझ्या मनात तेव्हाच होतं — उद्याचा दिवस निभावला की बघू. तरी मी भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. देवावर नाही ना आपला विश्वास, मग शपथेला काय होतंय! हा माझा शहाणपणा.

रात्री मिलो भरून परतणाऱ्या ट्रकमधूनच त्याला आणलं. दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्या अंगणात रोडगा खाऊन मोकळा झाला. आईनं चाचपडत त्याच्या कपाळाला भंडारा लावला, "माझं लेकरू गं" म्हणाली, आणि मगच जेवली. त्याच्या गळ्यात सुंभाची दोरी होती, ती काचायची म्हणून तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून दोरीवर शिवला. डोळ्यांनी दिसत नसताना! टाके वेडेवाकडे, पण घट्ट.

तो दिवसभर आईच्या पायाशी पडून असायचा. पण सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्या मागे शाळेत यायचा. हाकलला तरी यायचा. वर्गाच्या दारात बसायचा, आणि म्हातारपणी जे होतं ते... बसल्या जागी ओलं करायचा. पोरं खिदळायची. चावडीवर लोक म्हणायचे, "काय गुरुजी, हवालदार बंदोबस्ताला का?" दुष्काळात माणसाला सुकडीवर दिवस काढावे लागत होते, आणि मास्तर कुत्रं पोसतोय! मला ते बोलणं झोंबायचं.

मग शाळा तपासायला साहेब आले. हवालदार शांतपणे उठला, साहेबांच्या खुर्चीजवळ गेला आणि त्यांच्या बुटावर... काय सांगू! सगळी शाळा हसली. साहेब मला म्हणाले, "आधी घर सांभाळा गुरुजी, मग शाळा."

त्याच रविवारी मी त्याला बाहेर काढलं. आईला सांगितलं, "पांजरपोळात परत पोचवतो. ट्रक जाणार आहे."

"शपथ घेतलीवतीस ना?"

"तिथं त्याची सोय चांगली आहे गं आई."

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

रविवारी मिलोचा ट्रक नसायचा. हे मला ठाऊक होतं. मी त्याला चार मैलांवर, पाझर तलावाचं काम चाललं होतं तिकडे नेलं. सुट्टीमुळे तिथं चिटपाखरू नव्हतं. बांधाच्या पलीकडे एका बाभळीला बांधलं, मागे येऊ नये म्हणून. पुढे अर्धी भाकरी ठेवली. पाणी ठेवलं नाही... सुचलंच नाही मला. अकरा वाजले असतील. तो भुंकला नाही, दोरीला ओढ दिली नाही. मी बांधतोय हे बघून माझ्याकडे तोंड करून बसला. सवयच होती त्याला.

इकडेतिकडे वेळ काढून तीनच्या सुमाराला घरी आलो तर आई घोंगडी पांघरून झोपलेली. सुमन म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून झोपल्यात. दोनदा हाक मारली, हूं की चूं नाही. अंग गार लागतंय." मी नाडी बघितली. चालू होती. चारच्या सुमाराला ती उठली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "सुमन, पाय लई दुकत्यात गं. तेल लाव."

सोमवारी शाळेआधी सायकल मारत मी बाभळीकडे गेलो. कुत्रं नव्हतं. दोरीही नव्हती. कुणीतरी नेलं, सुटलो बुवा, असं म्हणालो. खरंच म्हणालो.

त्यानंतर आई आठ-पंधरा दिवसांनी एकच विचारायची, "हवालदाराला बगून आलास का रं?" मी म्हणायचो, जाईन. फाल्गुनात जिल्हा परिषदेत काम निघालं तेव्हा गेलो. म्हणजे कामासाठी गेलो, आणि वेळ उरला म्हणून पांजरपोळाकडे वळलो. का वळलो, सांगता येत नाही.

दगडूमामा फाटकातच होते. मला बघून म्हणाले, "आलात? लई वाट बगितली तुमची. परवा सकाळी गेला त्यो."

"कोण गेला?"

"हवालदार. दुसरं कोन?"

मामा म्हणाले, "तुमच्या आई घिऊन आल्त्या की त्येला. चंपाषष्ठीनंतरचा दुसरा का तिसरा आइतवार. दुपारचं तीन वाजलं असत्याल. हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा. डोळ्यानं दिसत नव्हतं त्यास्नी. कुत्रं फुडं आन दोरी धरून त्या मागं. मी म्हनलं बसा, च्या घ्या. न्हाई म्हनल्या, सून हाका मारती हाय."

मामा पुढे सांगत होते.

"म्हनल्या, पोरगं माझं वाईट न्हाई, लाजंपायी केलं त्यानं. त्येला बोलू नका. चार दिसात येईल न्यायला, तवर संबाळा." मामांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "तीन म्हैने फाटकाकडं तोंड करून बसला हुता, गुरुजी."

त्यांनी आतून दोरी आणून दिली. सुंभाची, वर हिरवा काठ, वेडेवाकडे टाके. बाभळीला मी मारलेली गाठ तशीच होती, न सुटलेली.

त्यानंतर डोकं लढवून झालं. कामावरच्या एखाद्या म्हातारीने सोडून नेलं असेल? मग सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर चार तासांत कसं? एस.टी.त कुत्रं घेत नाहीत, ट्रक नव्हता. आणि पांजरपोळाचा पत्ता, माझी लाज, सुमनच्या हाका — हे त्या म्हातारीला कुणी सांगितलं? सुमनला शपथ घालून विचारलं. ती म्हणाली, "अहो, मी त्यांच्या उशाशीच बसून होते ना!"

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. दोरी पिशवीत घालून, वर कागद दाबून, मी त्याच संध्याकाळी घरी आलो. आई पडवीत बसली होती. ठरवून आलो होतो, पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. मी चपला काढल्या तेवढ्यात तिने हात पुढे केला.

"दे इकडं ती दोरी. काठ उसवून ठिवते. लुगड्याला लावाया हुईल."

मी दिली. ती बोटांनी टाके चाचपत उसवत बसली. माझ्याकडे मान वळवून बसली होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "बस उशिरा आली गं आज." आणि हातपाय धुवायला आत गेलो.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. ती त्या दिवशी कुठे होती, हे सांगणारं माणूस नऊ वर्षं माझ्या घरात होतं, रोज माझ्या ताटाशी बसत होतं. मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी बाभळीचं सांगावं लागलं असतं.