उबदार शहराची फिल्म

जानेवारी २०२१, संक्रांतीच्या आधीचा शनिवार, सकाळी, झूमवर. हजर: मराठी मंडळाचे अध्यक्ष, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नवागत विभागातल्या डच बाई, आमच्या डॉक्टर, आणि मी, कार्यवाह. खजिनदारांचा कॅमेरा चालू होता, पण समोर फक्त त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती, म्हणून त्यांना गैरहजर धरलं.

विषय एकच होता. आमच्या शहराकडे लोक येत नव्हते.

डच बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "कंपन्यांना इंजिनिअर मिळतात," त्या म्हणाल्या. "ते होकारही देतात. मग त्यांच्या घरी कुणीतरी आमच्या शहराचं नाव शोधतं, पाऊस, वारा आणि चार वाजता पडणारा अंधार बघतं, आणि ते कुटुंब बेस्ट नाहीतर रायस्वाइक अशा दुसऱ्या गावाला जातं."

"घरी कुणीतरी म्हणजे बायको," अध्यक्ष मराठीत म्हणाले. त्यांचा माइक चालूच होता.

"मग बायकांना विचारा ना काय हवंय ते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही माइक चालू होता.

बाईंना एक छोटी फिल्म करायची होती. पुण्यात, बंगळुरात कंपन्या ती उमेदवारांना दाखवणार. थंडी लपवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. थंडीतली ऊब दाखवायची. त्यासाठी त्यांना आमचं हळदीकुंकू हवं होतं. मागच्या वर्षीचे फोटो त्यांनी पाहिले होते: वीस-पंचवीस बायका, काठापदराच्या साड्या, सगळ्यांचे हसरे चेहरे. या वेळी मात्र करोनाच्या नियमांनी घरात एका दिवशी दोनच पाहुणे येऊ शकत होते आणि बाहेर दोघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र उभं राहायचं नव्हतं, याची मी आठवण करून दिली. "एकेकीचं चित्रीकरण करू," बाई म्हणाल्या, "नंतर जोडता येतं."

इथे डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. त्या माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मी त्यांना 'अगं' म्हणते, त्या मला 'ताई' म्हणतात. दातांच्या डॉक्टर. पुण्यात सिंहगड रस्त्यावर स्वतःचा दवाखाना होता. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून तो मैत्रिणीला देऊन आल्या. इथे दातांचं काम करायचं तर आधी भाषेची परीक्षा, मग ज्ञानाची, मग नोंदणी. त्यांनी दोन वर्षं घासून डच केलं आणि भाषेची परीक्षा पास झाल्या. त्या निकालाला मुदत असते. ती संपायच्या आत पुढची परीक्षा द्यावी लागते. आणि पुढची परीक्षा करोनामुळे सारखी पुढे ढकलली जात होती. एवढं सगळं असूनही मंडळात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पहिल्या लॉकडाउनमध्ये इथले दंतवैद्य काही आठवडे फक्त अगदी तातडीचे रोगी बघत होते, तेव्हा निम्म्या मंडळाच्या दाढा त्यांनी फोनवर शांत केल्या होत्या. म्हणून त्या 'आमच्या डॉक्टर'.

मीटिंगच्या शेवटी त्यांनी डचमध्ये विचारलं, "फिल्ममध्ये मी सांगितलं की मला इथे माझं काम करायचंय, तर ते कुणाच्या नजरेला पडेल का?"

"नक्कीच," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर करतोय."

त्या एका शब्दावर डॉक्टर तयार झाल्या.

चित्रीकरण फेब्रुवारीत झालं, रथसप्तमीच्या आधी. त्या आठवड्यात नेमका बर्फ पडला आणि कालवे गोठले. सगळा देश स्केट शोधत माळ्यावर चढला होता. आम्ही माझ्या घरामागच्या अंगणात एकेक बाई उभी करत होतो. माझी तयारी चोख होती. प्रत्येकीला वेगळी वेळ. कुंकवाच्या छोट्या डब्या प्रत्येकीच्या वेगळ्या, कारण एकमेकींना लावायचं नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून आपलं आपण लावायचं. वाण म्हणून सॅनिटायझरच्या बाटल्या, वर हळदीचं बोट. आलेली बाई मागच्या दाराने अंगणात, झालेली पुढच्या गल्लीतून घरी. साडीच्या आत थर्मल, पायात बूट. कॅमेरामनला बजावून ठेवलं होतं, घोट्याखाली काही घ्यायचं नाही.

अध्यक्ष कुंपणापलीकडे दोन मीटरवर उभे राहून दुभाष्याचं काम करत होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते आले होते.

डॉक्टरांची पाळी आली. हिरवी पैठणी, नाकाचा शेंडा लाल. हातात तिळाच्या लाडवांची ताटली. थंडीने लाडू असे झाले होते की ताटलीत हलवले की गोट्यांसारखे वाजत. कॅमेरामन म्हणाला, काहीतरी बोला, मोकळेपणाने. डॉक्टरांनी एक लाडू उचलला, ताटलीवर ठक् करून आपटला आणि मला म्हणाल्या, "ताई, तिळगूळ घ्या, गोड बोला, पण चावू नका. माझ्याकडे अजून खुर्ची नाहीये."

मी हसले, त्या खो खो हसल्या, कॅमेरामनही कळल्याशिवाय हसला. "काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"शी इज अवर डेंटिस्ट!" अध्यक्ष कुंपणावरून अभिमानाने ओरडले.

डॉक्टरांनी त्यानंतर आपलं ठरवलेलं वाक्य डचमध्ये म्हटलं: परीक्षा बाकी आहे, मला या शहरात माझं काम करायचं आहे. एकदाही न अडखळता. मी अंगठा वर केला.

फिल्म एप्रिलमध्ये आली. फार सुंदर होती. दहा बायका एकाच अंगणात, एकाच वेळी, हसत, बोलत, बर्फात. असं हळदीकुंकू झालंच नव्हतं. डॉक्टरांचं हसणं दोनदा होतं, सुरुवातीला आणि शेवटी. त्यांचं वाक्य नव्हतं. त्याच्या जागी खाली पट्टी होती: 'दंतवैद्य. पुण्याहून आल्या, इथे रुळल्या.'

ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मी लगेच फोन केला. त्यांनी उचलला तेव्हा त्या आधीच दुसऱ्या फोनवर सासूबाईंशी बोलत होत्या. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"अगं, लागली ना नोकरी! सांगायचं नाही होय? सोसायटीत सगळ्यांना पाठवलं मी."

"आई, नाही लागली. ते चुकून लिहिलंय."

"सरकारने चुकून कसं लिहिलं?"

पुण्यात त्या महिन्यात कुठल्याच घरात चांगली बातमी येत नव्हती. सासूबाईंना ही एक मिळाली होती. ती सोडवत नव्हती त्यांना.

मी त्याच दुपारी बाईंना मेल केला: 'दंतवैद्य' हा शब्द काढा, त्यांची नोंदणी झालेली नाही. उत्तर आलं, पाहते. पण त्याआधीच कुणीतरी पाहिलं होतं. इथे नोंदणीशिवाय स्वतःला दंतवैद्य म्हणवणं हा गुन्हा आहे, आणि दंतवैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाला कुणीतरी फिल्मचा दुवा पाठवला. मे महिन्यात डॉक्टरांना पत्र आलं. सार्वजनिक फिल्ममध्ये हे बिरुद कुठल्या अधिकाराने वापरलं, याचा खुलासा करा. खुलासा येईपर्यंत परीक्षेचा अर्ज थांबवला आहे.

त्या पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. मास्क काढला नाही, चहा घेतला नाही.

"मी तर कुठेच म्हटलं नाही, ताई. मी म्हटलेलं तर त्यांनी कापलंय."

"तुझा खुलासा आजच लिहू," मी म्हटलं. "आणि खेमेंटेचं पत्र घेऊ. पट्टी आमची चूक होती, एवढं एक वाक्य त्यांच्या कागदावर, सहीसकट. काम झालं."

काम झालं, असं मी खरंच म्हटलं. मला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटलं होतं.

डॉक्टरांच्या खुलाशाला आठवड्यात उत्तर आलं: फिल्म बनवणाऱ्यांचं पत्र जोडा. मी ते बाईंकडे मागितलं, तेव्हा त्यांनी पट्टी मात्र तत्परतेने बदलली. दुसऱ्या दिवशी फिल्म उघडली तर हसणाऱ्या डॉक्टरांखाली लिहिलं होतं: 'हौशी स्वयंपाकी'. हातात लाडू होते म्हणून असेल.

डॉक्टरांनी ते वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला. "लाडूही तुम्हीच केले होते," त्या मला म्हणाल्या.

पत्राचं बाईंनी कायदा विभागाकडे टाकलं. चूक लेखी कबूल करायची तर त्यांना विचारावं लागतं. कायदा विभाग घरून काम करत होता. जूनमध्ये मी अध्यक्षांना म्हटलं, मंडळाच्या वतीने जोर लावू.

"जरा सबुरीने घ्या, कार्यवाहबाई," ते म्हणाले. "खेमेंटे आपल्याला गणपतीला हॉल देते. एका पत्रासाठी हॉल घालवायचा का?"

"कुठला हॉल? बंद आहे तो."

"कधीतरी उघडेल ना. आणि तुम्हाला कळत नाही का, त्या फिल्मने आपलं नाव झालंय. डॉक्टर तरुण आहेत, देतील पुढच्या वर्षी परीक्षा."

"डेंटिस्ट म्हणून ओरडलात कशाला मग?"

"कौतुक म्हणून ओरडलो! आता कौतुकही करायचं नाही का?"

त्यांनी खरंच कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. तेच जास्त वाईट होतं. भांडायला धड काही हाती लागत नव्हतं.

जुलैत बाईंची बदली सायकलमार्गांच्या विभागात झाली. त्यांच्या मेलला आपोआप उत्तर यायचं: मी आता या पदावर नाही, कृपया नवागत विभागाशी संपर्क साधा. नवागत विभागाच्या पत्त्यावर मेल केला की तो बाईंनाच जायचा.

डॉक्टर तोवर करोनाच्या चाचणी केंद्रात लागल्या होत्या. तिथे त्यांची पदवी चालली. मोठ्या तंबूत दिवसभर उभं राहून लोकांच्या नाकात काडी घालायची. "तोंड नाही तर निदान नाक तरी," त्या म्हणायच्या. मी एकदा मुद्दाम त्यांच्या रांगेत गाडी लावली. हात इतका हलका की झालं कधी ते कळलं नाही. मागच्या गाडीतला डच माणूस त्यांना म्हणाला, तुम्ही हे उत्तम करता. त्यांनी आभार मानले आणि खिडकी लावायला सांगितली.

फिल्म चालली. हे लिहिलं पाहिजे. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तीन मराठी कुटुंबं आमच्या शहरात आली, बेस्ट सोडून. त्यातली एक मुलगी नाशिकची, फार्मासिस्ट. तिला घेऊन मी बाजार दाखवत होते, तेव्हा चीजच्या गाडीपाशी डॉक्टर भेटल्या.

"तुम्हीच ना त्या!" मुलगी ओरडली. "मी आधी बघितलं होतं तेव्हा डेंटिस्ट लिहिलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, त्यांना मिळालं काम, मला पण मिळेल. मग आम्ही हो म्हटलं."

मी चीज बघू लागले. डॉक्टरांनी तिला सगळं खरं सांगितलं, पहिल्या परीक्षेपासून तंबूपर्यंत, आवाज न चढवता. मुलगी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "पण फिल्ममध्ये तर तुम्ही किती खूश होतात."

"तेव्हा होतेच," डॉक्टर म्हणाल्या. "मला वाटलं होतं कुणीतरी बघेल."

२०२२ च्या वसंतात चाचणी केंद्रं बंद झाली. त्याच सुमारास भाषेच्या निकालाची मुदत संपली. मुदत वाढवून मिळेल का, असा अर्ज केला होता. पण अर्जच थांबलेला, तर त्यात मुदत कशाची वाढवणार, असं सभ्य डचमध्ये उत्तर आलं. त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मीही दुसऱ्या टोकाने चादर धरली.

"आता पत्र आलं तरी पुन्हा पहिल्यापासून भाषा," त्या म्हणाल्या. "माझ्याने नाही होणार, ताई. दवाखान्याचीही मैत्रिणीला सवय झालीय. ती परत देईल असं वाटत नाही."

"मग पत्राचं थांबवू?"

त्यांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "नाही. त्या कार्यालयात माझी फाइल आहे. त्यात मी लबाड आहे. तेवढं काढा."

मी पुन्हा सुरुवात केली. नवागत विभागाला आता नवे अधिकारी होते, तरुण, अतिशय नम्र. नवी मोहीम होती, नवं घोषवाक्य, हिवाळ्याऐवजी उन्हाळा, नदीकाठ आणि आइस्क्रीम. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी सगळं टिपून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठली फिल्म?"

जुनी मोहीम संपली तशी ती साइटवरून काढली होती. जी फिल्म त्यांनी पाहिलीच नाही, तिच्यातली चूक त्यांना कबूल करता येत नव्हती. माझ्याकडे होती ती नंतरची, हौशी स्वयंपाकीवाली. पहिली कुणाकडे आहे का, म्हणून मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी तेव्हा दुवाच पुढे पाठवला होता. फिल्म कुणीच उतरवून ठेवली नव्हती.

सासूबाईंच्या फोनमध्ये असेल, असं डॉक्टरांच्या नवऱ्याचं म्हणणं आहे. त्यांच्यासाठी त्याने तेव्हा ती उतरवून पाठवली होती, स्वतःची प्रत त्याने पुसली, सोसायटीतल्यांनीही, त्या मात्र काही पुसत नाहीत. पण फोन बिघडला आहे आणि दुरुस्तीला द्यायचा म्हणून कपाटात पडून आहे. पुण्याला निरोप दिला आहे. फोन दुरुस्त व्हायचा आहे, पहिली फिल्म मिळायची आहे, खेमेंटेचं पत्र यायचं आहे.