कमरेकडे गेलेला हात

नोकरीत माझ्या हातून एक मूर्खपणा झाला, आणि तोही मी चोरून नाही, भोंग्यावरून केला. ती घटना विसरायला मी तयार आहे, पण बाजारात पैसे काढायला हात उचलला की ती आधी येऊन पुढ्यात उभी राहते. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, नात माझी चेष्टा करण्याइतकी मोठी झाली, तेव्हा सांगून टाकते. नावं कुणाचीच सांगणार नाही. माझं स्वतःचं सुद्धा नाही, तेवढी लाज शिल्लक आहे.

नगर जिल्ह्यात शिंगणापूरला वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान ठाण्याची मी प्रभारी होते, सहायक पोलीस निरीक्षक. शनिवारी आणि अमावास्येला फाट्यावर माणसांचा लोंढा. जवळच जनावरांचा बाजार, त्यामुळे रोख पैसा घेऊन फिरणारे शेतकरीही तिथेच गाड्यांची वाट बघत उभे. खिसे कापल्याच्या तक्रारी वाढल्या. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुमच्या फाट्यावर चाललंय काय?’

परत येताना जीपमध्येच मला कल्पना सुचली. पन्नाशीतली मी, ठाण्यातली एकटीच शहाणी! ठाण्यातला पंखा बंद केला, हवालदारांना खोकायची बंदी केली आणि माझ्या आवाजात निवेदन रेकॉर्ड केलं. ‘प्रवासी बंधू-भगिनींनो, खिसेकापूंपासून सावध रहा. आपली रोख रक्कम आपल्याजवळ सुरक्षित आहे ना, याची आत्ताच खात्री करून घ्या.’ फाट्यावरच्या स्टँडवर भोंगा बसवला. गाडी लागायच्या वेळेला निवेदन वाजायचं आणि मी कोपऱ्यात जीप लावून काच खाली करून ऐकत बसायचे. रेडिओवर बोलतेय असा तोरा. चोऱ्या काही कमी होईनात. मग मी काय करावं? निवेदन आणखी जास्त वेळा लावायला सांगितलं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक मावशी ठाण्यात आल्या. पाथर्डीकडच्या. सोबत पुतण्या. मावशींचा मुलगा ऊसतोडीला गेला होता, उसानं भरलेल्या गाडीखाली त्याचा पाय सापडला होता. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच ऑपरेशन केलं तर पाय वाचेल, सामानाचे पैसे भरा. मावशींनी बैलजोडी बाजारात आणून विकली. पैसे कमरेला बांधले, फाट्यावरून नगरची गाडी धरली आणि दवाखान्याच्या खिडकीपाशी जाऊन कमरेला हात घातला, तर पिशवी नाही. कुठे पडली असेल म्हणून शोधत त्या परत फाट्यावर आल्या होत्या.

“पडली नाही मावशी. हे बघा,” आमच्या महिला शिपायानं दाखवलं. लुगडं कमरेपाशी कापलं होतं. ब्लेडचा एकच सरळ काप, नेमका पिशवीच्या जागी.

मी चिडले. चोरावर चिडायचं सोडून मावशींवर.

“एवढी रक्कम रोख घेऊन फिरतं का कुणी आजच्या काळात? व्यापारी फोनवरून पैसे पाठवतात आता.”

“म्हनला हुता व्यापारी. पोराच्या फोनवर टाकतो म्हनला,” मावशी म्हणाल्या.

“मग?”

“पोराच्या फोनचा आकडा त्यालाच ठावं. पोरगं पडलंय बेसुद. त्याच्यात टाकून काढायचे कुनी, बाई?”

बँकेत टाकून, दवाखान्याच्या खात्यावर पाठवून, असं काही सांगायला तोंड उघडलं होतं. पण पासबुक गावाकडं, गाव दूर, आणि डॉक्टर म्हणतायत आजच. अडलेल्या माणसापुढे पर्याय नसतात, हे मला त्या वेळी समजलं नाही. वाद हरले एवढंच समजलं.

रीतसर तक्रार घेतली. लुगडं पुरावा म्हणून पंचनामा करून जप्त करावं लागलं. बैल गेले, पैसे गेले आणि पोलिसांनी अंगावरचं लुगडंही काढून घेतलं. महिला शिपायानं तिच्या पेटीतली साडी आणून दिली. मावशी ती नेसून बाकावर बसल्या, तेव्हा पोलीस वसाहतीतलीच कुणी बाई वाटत होत्या.

आता माझं डोकं चाललं, म्हणजे जसं चालायचं तसं. एकच काप, नेमक्या जागी. चाचपलेलं नाही, दुसरीकडे ब्लेड मारलेलं नाही. म्हणजे पिशवी कुठे आहे हे चोराला आधीच माहीत होतं. हे माहीत असणारा माणूस कोण? सोबतचा पुतण्या. मी त्याला बसवून ठेवला.

“पिशवी बांधताना तू होतास का?”

“व्हय मॅडम, मीच गाठ मारून दिली.”

“मग कुणाला सांगितलंस?”

“कुनाला सांगू? मॅडम, मला जाऊ द्या. तिकडं दवाखान्यात वैनी एकटी हाय, कडंवर लेकरू. रक्त आनायला, पैसं बघायला दुसरं मानूस न्हाई. टोळीच्या मुकादमाकडं जातो, पाय धरतो, कायतरी करतो. उद्या सकाळी तुमी म्हनाल तिथं हजर हुतो.”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. वर्दीत असताना हे वाक्य फार लवकर तोंडात येतं.

अंधार पडेपर्यंत तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. मावशी बाहेरून एकदाच बोलल्या, “त्यानं न्हाई केलं, बाई. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आले मी.” मी लक्ष दिलं नाही. शेवटी काहीच हाती लागेना तेव्हा त्याला सोडलं. तोवर मुकादम टोळीबरोबर पुढच्या गावाला निघून गेला होता.

खबर आली ती काही दिवसांनी. फाट्यावर लिंबू-मिरच्या विकणारा आमचा एक खबऱ्या होता. फोनवर म्हणाला, “मॅडम, एक बाई हाय. हातात तेलाची बाटली, काळं कापड, समदं शनीचं सामान. पर शनीला जात न्हाई. अन् कंच्या गाडीनं परतबी जात न्हाई. दर गर्दीला तुमच्या भोंग्याखालीच उभी.”

साध्या वेशात दोन माणसं लावली. अमावास्येला ती सापडली, नाशिककडच्या एका यात्रेकरू बाईच्या कमरेपाशी, दोन बोटांत ब्लेडचं अर्धं पातं धरलेलं. साधारण माझ्याच वयाची. स्वच्छ साडी, कपाळाला कुंकू. देवळात शेजारी बसली असती तर मी तिच्याकडे माझी पर्स सांभाळायला दिली असती.

चौकशीत तिनं आढेवेढे घेतले नाहीत. मावशींची चोरी कबूल केली. काही पैसे खोलीवर सापडले, बाकीचे सोबतच्या लोकांत वाटले गेले होते. मला एकच गोष्ट खात होती.

“लुगड्याच्या आत, घट्ट बांधलेली पिशवी. तुला कळलं कसं?”

तिनं कान टवकारले. मग हसली. “ह्यो आवाज! भोंग्यावर तुमीच का?”

“विचारलं त्याचं उत्तर दे.”

“तेच देते की. तुमी म्हनता, पैशाची खात्री करून घ्या. की लगी समद्यांचा हात जातो. गड्यांचा खिशाला, शेरातल्या बायांचा पर्सला, म्हाताऱ्यांचा कमरंला. आमी निस्तं बघायचं. पहिलं लई चाचपावं लागायचं मॅडम, मार खायचो. तुमचा भोंगा आला अन् बरकत आली.”

महिला शिपाई खाली मान घालून लिहीत होती. तिचं पेन थांबलं. हे जबाबात घ्यायचं का, असं तिनं नजरेनं विचारलं.

“घे,” मी म्हणाले. त्या सगळ्या तपासात माझ्याकडून झालेलं तेवढंच एक बरं काम.

भोंगा त्याच संध्याकाळी उतरवला. पण मावशींच्या मुलाचं ऑपरेशन व्हायचं तेव्हा झालं नव्हतं. पैसे जमेपर्यंत पाय सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. मी डॉक्टरांना भेटून विचारलं, वेळेत झालं असतं तर वाचला असता का? ते म्हणाले, “खात्रीनं सांगता येत नाही.” या चार शब्दांना मी अजून धरून आहे. काही रात्री ते पुरतात.

आता प्रवासाला निघाले की माझी पैशाची व्यवस्था बघून नात हसते. चहा-तिकिटाचे सुटे वरच्या पाकिटात, ते चारचौघांत काढायचे. फोनच्या खात्यात थोडेच, आणि तो फोन घरातल्या आणखी एकाला उघडता आला पाहिजे. मोठी रक्कम रोख न्यायची वेळ आलीच, तर ती ठेवायची आणि उतरेपर्यंत तिची आठवणसुद्धा काढायची नाही. परवा गाडीत नात म्हणाली, “आजी, तू एवढी ताठ का बसलीस?” म्हटलं, “हात आवरतेय बाई.” कुणी ‘सांभाळा’ म्हणालं की आपण काय सांभाळतोय ते जगाला दाखवतो. खिसेकापूला तेवढंच लागतं. हे मला एका चोरणीनं शिकवलं आणि त्याची फी दुसऱ्याच बाईनं भरली.

कोर्टाच्या हुकुमानं सापडलेली रक्कम मावशींना परत करायची वेळ आली, तेव्हा मी ती स्वतः घेऊन गेले. शिपायाच्या हातीही पाठवता आली असती. मुलगा ओट्यावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. गोठ्यात दावी तशीच बांधलेली, बैल नाहीत. पुतण्या मला बघून आत निघून गेला. मी सही घेतली, ते लुगडंही धुऊन परत दिलं, आणि मग भोंग्याचं सगळं खरं खरं सांगितलं. त्या शिव्या देतील अशी तयारी करून गेले होते. खरं सांगायचं तर त्यांनी द्याव्यात, अशीच इच्छा होती.

मावशींनी लुगड्याचा कापलेला भाग बोटांनी जुळवून पाहिला. मग म्हणाल्या, “तवा मला पैशाची सुदच नव्हती, बाई. पोरगं कसं आसंल, त्याच इचारात उभी हुते. तुमी भोंग्यावर आठवन करून दिली, म्हनून हात लावला.”